अनुसयाबाईंचा ढावलो

"या अनुसयाबाई अजून आहेत?" रतनसिंग सरांनी एक्केचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"व्हय सर. हायेत." ज्योतीच्या तोंडचं पाणी पळालं.

"किती दिवस बसलात त्यांच्यापाशी?"

"तीन दिवस."

"तीन." सरांनी तिचा लघुप्रबंध मिटला. "चला मग. सेनगावचा तांडा काही लांब नाही. भेटून येऊ."

तोंडी परीक्षेतून परीक्षक विद्यार्थिनीला उठवून तांड्यावर नेतो, असं हिंगोलीच्या त्या कॉलेजात कुणी ऐकलं नव्हतं. पण सर बाहेरून आलेले परीक्षक, शब्द त्यांचाच. विभागाच्या बाई मागच्या सीटवर बसल्या आणि पाच मिनिटांत पेंगू लागल्या.

दोन्ही अंगांना तुरीची रानं. वाळल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. ज्योतीला वाटलं, रानच आपल्याला हसून राहिलंय.

ती त्या तांड्यावर कधी गेलीच नव्हती. ज्या महिन्यात गाणी गोळा करत फिरायचं, त्या महिन्यात ती मायसोबत लोकांचं सोयाबीन कापत होती. शेवटी वरच्या वर्गातल्या पोरींकडून खालच्या वर्गातल्या पोरींकडे वर्षानुवर्षे सरकत आलेली एक जुनी फाईल तिनं उचलली. वरचं पान फाटलेलं, लिहिणाऱ्याचं नाव नाही. माहेर सोडताना नवरी रडत म्हणते तो ढावलो त्यात होता, आणि तो सांगणाऱ्या अनुसयाबाई होत्या. अकरा पानं तिनं जशीच्या तशी उतरवली. शाईनं लिहिलेल्या फाईलीचं संगणकाला काय कळणार? नक्कल तपासणाऱ्या यंत्रानं सहा टक्के दाखवले आणि सगळे खूश झाले.

आता म्हातारी भेटली तर ती 'हिला ओळखत न्हाई' म्हणणार. मेलेली असली तर बरं, असं मनात आलं आणि ज्योतीला स्वतःचीच भीती वाटली. पकडली गेली तर पदवी गेली. पोरगी एमए झाली म्हणून मायनं साऱ्या वस्तीत सांगून ठेवलं होतं.

"घाम काहून येऊन राहिला?" सर म्हणाले. "थंडीचे दिवस आहेत."

"गाडी लागती सर मला."

"ढावलोची पहिली ओळ म्हणा बरं."

तिनं म्हटली.

"बराबर," रस्त्यावरची नजर न काढता सर म्हणाले.

बाई गाडीतच झोपून राहिल्या. तांड्याच्या तोंडाशी लालसिंग नावाचा एक जण शेळ्यांना पाला टाकत होता. त्यानं ज्योतीच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"अनुसयाबाई? म्हंजी आमची आजी. कॉलेजच्या पोरी त्याच नावानं इचारत येतात. कागदातलं गाणं वाचून दाखवतात तिला. या."

सर चालता चालता थबकले. मग पुढे झाले.

म्हातारी ओट्यावर बसली होती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोळे मात्र लखलखीत.

"आजी, ही पोरगी तुमच्याकडं आली होती?"

म्हातारीनं ज्योतीचा उतरलेला चेहरा निरखला. हातातले कागद पाहिले. ज्योतीनं डोळे मिटून घेतले.

"आली व्हती की! माझ्या हातची भाकर खाऊन गेली. काहून गं लेकरा, केवढी वाळलीस?"

ज्योतीनं डोळे उघडले.

"मग तो ढावलो म्हणा आजी," सर म्हणाले.

म्हातारीनं पदर तोंडाशी धरला आणि हुंदक्यातून सूर काढला. बोली बंजाऱ्यांची गोरमाटी, शब्द फाईलमधलेच, एकही इकडचा तिकडे नाही. अर्थ असा, याडी म्हणजे माय:

याडी, तुझ्या उंबऱ्याची धूळ टाचेला लागली,
सासरच्या पाण्याला सांग, एवढी धुऊ नको.
बापू, तुझ्या हाकेचा तुकडा कानात राहिला,
सासरच्या वाऱ्याला सांग, एवढा नेऊ नको.

घराघरातून बायका बाहेर आल्या. कुणी न सांगता सुरात सूर मिसळला.

"औंदा आमच्या शितलच्या लग्नात समदा तांडा रडला ह्याच्यावर," लालसिंग म्हणाला. "आमच्या तांड्याचाच हाये हा. दुसरीकडं कुठंच न्हाई."

सर उठून गाडीकडे निघाले.

ज्योती वाचली होती. पण तिला आनंद होईना. बाई खरी, गाणं खरं. कुणीतरी या ओट्यावर बसून एकेक शब्द वेचला असेल, आणि आपण तो उचलून आपल्या नावावर केला. ती पळतच सरांपाशी गेली.

"सर, मी खोटं बोलले. मी इथं कधीच आले नव्हते. एका जुन्या फाईलीतून उतरवलं सगळं."

"ठाऊक आहे."

सरांच्या हातातली किल्ली दाराला लागत नव्हती. तांड्यातून सूर अजून येतच होता.

"ती फाईल माझी आहे, ज्योती, तुमच्याच कॉलेजात शिकत होतो तेव्हाची. मीही इथं कधी आलो नव्हतो. ती बाई, तिचं नाव, हा ढावलो... सगळं मी खोलीत बसून रचलं होतं."