सात किलोंच्या आत

केशवरावांनी बॅग एका बोटावर उचलली, क्षणभर तशीच धरली आणि खाली ठेवली.

"ही नको. रिकामीच तीन किलोंच्या पुढं आहे. विमानात हातात सात किलो नेऊ देतात. मग कपड्यांना उरलं काय?"

"मी तेच म्हणतोय मघापासनं," संभाजीराव म्हणाले. ते मघापासून काहीच म्हणत नव्हते.

बारामतीत, भिगवण रोडवरच्या दुकानात तिघं उभे होते. संभाजीराव, त्यांचा मुलगा युवराज, आणि ज्या मुलीला बघायला रविवारी जायचं होतं त्या श्रेयाचे मामा, केशवराव. युवराज नेदरलँडला ग्रीनहाउसच्या नोकरीवर चालला होता आणि त्याच्यासाठी हलकी बॅग घ्यायची होती. अडचण एवढीच, की युवराज कुठंही चालला नव्हता.

युवराज डाळिंब लावत होता. चांगलं लावत होता. पण बाग, ऊस, विहीर सगळं सांगून झालं तरी मुलींच्या घरून निरोप एकच यायचा: शेती करणारा नको. शेवटी स्थळं जुळवणाऱ्या अप्पांनी तोडगा काढला. "परदेशाचं सांगा. लगीन झालं की व्हिसा रद्द झाला म्हणायचं. परदेशी सरकारच्या दारात जाब विचारायला कोण जातंय?"

तसं सांगितलं, आणि कऱ्हाटीचं हे स्थळ आलं. मुलगी बारामतीत नर्स. युवराजनं तिचा फोटो पाहिला आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "कवा जायचं बघायला?"

मग केशवरावांचा फोन आला होता. "बॅग घेतली का? घेऊ नका, मी येतो. बॅगांचा मी बराच अभ्यास केलाय." कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस अभ्यास केलाय म्हणतो, म्हणजे तो परीक्षाही घेणार, हे संभाजीरावांना कळत होतं.

"आबा, खरं सांगून टाकू," युवराज येताना गाडीत म्हणाला होता.

"सांग की. आन् मग डाळिंबाशी लगीन लाव."

दुकानदारानं दुसरी बॅग पुढं सरकवली. केशवरावांनी तिची चाकं फिरवली, दांडा वरखाली केला, चेन शेवटपर्यंत ओढून पाहिली.

"व्हिसा हातात आलाय?" त्यांनी चेनकडंच बघत विचारलं.

"आलाय की," संभाजीराव म्हणाले.

"करार किती वर्षांचा?"

"दोन..." युवराज म्हणाला.

"दोन कुठलं? पाच," संभाजीराव म्हणाले. "फुडं वाढतुया बी."

केशवरावांनी चेन हळूच बंद केली. संभाजीरावांना वाटलं, याला वास लागला. दोन आणि पाच ऐकल्यावर कुणालाही लागेल.

"मागं एक स्थळ आलं होतं," केशवराव म्हणाले. "मुलगा मॅनेजर म्हणून सांगितलं, निघाला सुपरवायझर. दारातनंच वाटेला लावलं त्यांना. सुपरवायझर चालला असता हो. खोटं चालत नाही."

"व्हय व्हय. खोट्याचा आमाला बी लई राग," संभाजीराव म्हणाले आणि गळ्यातल्या टॉवेलनं कपाळ पुसलं. दुकानात एसी होता.

केशवरावांनी एक निळी बॅग निवडली. दोन किलोंच्या आतली. कमी मालाला जास्त पैसे मोजायचे हा व्यवहार संभाजीरावांनी उभ्या जन्मात केला नव्हता, पण ते मान डोलवत राहिले.

"आणि ऐनवेळी रद्द होऊ शकतं का? समजा, जावंसंच वाटलं नाही, तर?"

हा डाव होता. संभाजीरावांनी तो ओळखला.

"छ्या. आमच्यात शब्द फिरत न्हाय. गेला म्हंजी गेला."

"मग बाग कोण बघणार?"

"वाट्यानं देणार. शेतीत काय राम ऱ्हायलाय, पाव्हणं?"

युवराजनं मान खाली घातली. गेल्या वर्षी तेल्या रोगातनं ती बाग त्यानं एकट्यानं वाचवली होती.

केशवराव त्याच्याकडं वळले. आवाज अगदी खाली आला. "युवराज, तुमची स्वतःची इच्छा काय आहे? मोकळेपणानं सांगा. इथंच राहावं, असं नाही वाटत?"

युवराजनं तोंड उघडलं. संभाजीरावांची कोल्हापुरी चप्पल त्याच्या बुटावर आली आणि तिथंच थांबली.

"न्हाय," युवराज म्हणाला. "जायचंच हाय."

केशवरावांनी निळी बॅग उचलली आणि गल्ल्यावर नेऊन ठेवली. संभाजीरावांनी लगबगीनं खिशात हात घातला, तर केशवरावांनी तो धरला.

"राहू द्या. हिचे पैसे मी देतो."

संभाजीरावांच्या जिवात जीव आला. मुलीकडच्यांनी खिशात हात घातला म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सोयरीक जमली. त्यांनी चप्पल बुटावरून काढून घेतली आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसले.

"पाव्हणं, एवढ्यात जावयाचा मानपान कशाला वो? रविवारी बोलू की निवांत."

"रविवारी येऊ नका, संभाजीराव," केशवराव म्हणाले. पावतीवर नाव काय घालायचं, असं दुकानदारानं मध्येच विचारलं, तेव्हा ते त्याच्याकडं वळले. "श्रेयाचंच घाला, जर्मनीला तीच चाललीय, दोन वर्षांनी इथंच परत येणार. तिच्यासाठी इथं शेती धरून राहील असा मुलगा शोधत होतो, यांची बाग ऐकूनच आलो होतो, पण आमच्या नशिबात हेही निघाले परदेशवालेच."