पाठीमागून म्हटलेली गावं

डॉक्टर तनुजांनी सिद्धरामला स्टुलावर बसवलं, समोर उभं राहून नीट समजावलं, "काका, मी पाठीमागून एकेका गावाचं नाव घेणार. वळायचं नाही. मी म्हणेन ते गाव तुम्ही मोठ्यानं म्हणायचं," आणि त्या त्याच्या मागं भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हे तर लई सोपं हाय म्याडम. आर्धी जिंदगी ह्याच गावांच्या रस्त्यावर गेली," सिद्धराम म्हणाला.

मान वर न करता तपासणीच्या कागदावर सही ठोकणारा एखादा डॉक्टर गाठावा असं त्याच्या मनात होतं, पण शाळेनं ह्याच बाईंचं नाव सांगितलं होतं. डोळे पास झाले, बीपी पास झाला. आता सहीच्या आड एवढे कानच राहिले होते. सही मिळाली तर शाळेची पिवळी बस त्याच्याच हातात राहणार होती, नाहीतर सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर.

बायको महानंदा समोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"चाकूर," बाई म्हणाल्या.

सिद्धराम गप्प. कपाळावर सकाळची विभूती, चेहरा शांत. महानंदाला वाटलं, घाबरलं हे माणूस. दवाखान्यात आलं की ह्याची वाचा जाते, हे तिला ठाऊक होतं. बाईंची नजर हातातल्या यादीवर होती. परीक्षेत शेजारच्या पोराला सांगावं तसे तिनं नुसते ओठ हलवले.

"चाकूर!" सिद्धराम दणक्यात म्हणाला.

"भालकी."

पुन्हा गप्प. डोळे मात्र महानंदाच्या ओठांवर. तिनं ओठ हलवले.

"भालकी!"

महानंदाच्या ध्यानात आलं. म्हणजे हे असं होतं तर! अलीकडं ती बोलायला लागली की हा हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. लग्न झालं त्या वर्षीही कधी असा बघितला नव्हता. जेवायला बरोबर तिच्या समोर बसायचा. फोन वाजला की "तूच बोल" म्हणून तिच्या हातात द्यायचा. ती मनातून फुलून गेली होती. बहिणीला, पार्वतम्माला, तिनं लाजत सांगितलंही होतं, "आता कुठं ह्यांना बायको दिसाया लागली." पार्वतम्मानं तर दृष्ट काढायला सांगितली होती. हसावं की रडावं, महानंदाला कळेना.

मग तिला चतुराबाई आठवली. बसमध्ये पोरांची चढउतार बघणारी बाई. मागच्या महिन्यात बस मागं घेताना सिद्धरामनं शाळेच्या फाटकाचा खांब पाडला, तेव्हा चतुराबाई शपथेवर सांगत होती, मी गळा फाटेपर्यंत ओरडत होते. सिद्धराम म्हणाला, ही ओरडलीच नाही. आणि महानंदा नवऱ्याची बाजू घेऊन तिच्या दारात जाऊन भांडून आली होती. बिचारी खरंच ओरडली असणार. खांबाच्या जागी एखादं पोर असतं तर, असं महानंदाच्या मनात आलं.

"अहमदपूर," बाई म्हणाल्या.

सिद्धराम तिच्याकडं बघत होता, भुवया जरा वर करून. ही आपल्या बाजूची आहे, यात त्याला तिळभर शंका नव्हती. महानंदाचे ओठ हलायला आले होते. तिनं डोक्यावरचा पदर ओढला आणि नाकापर्यंत तोंड झाकून घेतलं. जीव तुटत होता, पण हात खाली घेतला नाही.

"अहमदपूर," बाई जरा मोठ्यानं म्हणाल्या.

सिद्धरामची चुळबुळ सुरू झाली. त्यानं महानंदाला डोळ्यांनी खुणावलं, हनुवटीनं खुणावलं. शेवटी तो वैतागून ओरडला, "म्याडम, हिला आधी तोंडावरचा पदर काढाया सांगा! मला ऐकूच येईना गेलंय!"

बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली. बाई हसू दाबत टेबलापाशी आल्या, सहीचा कागद त्यांनी बाजूला सारला आणि खाली मान घालून चिठ्ठी लिहिता लिहिता काहीतरी सांगू लागल्या.

"काय म्हणून राहिल्या?" सिद्धरामनं बायकोला विचारलं.

महानंदानं पदर बाजूला केला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "आज सही न्हाई. लातूरला कानाचे डॉक्टर हायेत, त्यांच्याकडून मशीन लावून घ्या. मग परत तपासत्यात. मशीन लावून बी गाडी चालवता येती. तवर जागा ठेवा म्हणून शाळेला बाई सवता फोन करत्यात."

"पोरं हसतील मला."

"हसू द्या. हसलेलं ऐकू तरी येईल."

"कामून झाकलंस गं तोंड?" सिद्धरामनं विचारलं.

"चतुराबाई ओरडली हुती," महानंदा म्हणाली.

दोघं बाहेर आले. सिद्धराम पायरीवर बसून चपला घालू लागला. महानंदा चिठ्ठी हातात धरून रस्त्याकडं बघत उभी राहिली. मशीन लागणार, बस मिळणार, सगळं चांगलंच होणार होतं. तरी तिला उगीच भरून आलं. रस्त्याकडं तोंड ठेवूनच ती हळू म्हणाली, "मशीन लागलं म्हणून माझ्याकडं बघायचं सोडू नका."

सिद्धराम उठला. तिच्या कोपराला धरून त्यानं तिला आपल्याकडं वळवलं.

"काय म्हणलीस? हिकडं बघून बोल की."