भिकाचं दान

खोटं वाटेल, पण २००४ सालची, पंचवटीतली गोष्ट आहे. शामसुंदरगुरुजींच्या रक्तात जंतू पसरले. जालीम औषधांनी ते जंतू मेले, पण त्यांच्याबरोबर पोटातले चांगले जंतूही मेले आणि जुलाब काही थांबेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निरोगी माणसाच्या शौचातले जंतू गाळून, नाकातल्या नळीने यांच्या पोटात सोडावे लागतील. नाहीतर हा आठवडा कठीण आहे." घरातल्या सगळ्यांची पोटं गोळ्या खाऊन बिघडलेली. जन्मात गोळी न घेतलेला माणूस एकच सापडला: सुरगाण्याहून दरवर्षी तांदूळ घेऊन येणारा भिका.

भिका हसला. "गुरुजी, माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाय, आन् हे चालंल?"

"नळीने जाईल," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "जिभेला लागणार नाही."

भिकाने दिलं. चौथ्या दिवशी जुलाब थांबले, पंधरवड्याने गुरुजी घरी येऊन ओट्यावर बसले. भिका भेटायला आला, तो फडक्यात घरची नागलीची भाकर बांधून. गुरुजींनी हात पुढे केला.

त्यांच्या पत्नी मालिनीबाई दचकल्या. "अहो! त्याच्या चुलीवरची?"

"मला नकोच आहे गं," गुरुजी तुकडा मोडत म्हणाले. "पण आत आता ह्याच्याच गावची वस्ती झालीय. त्यांना उपाशी ठेवलं, तर पाप मला लागेल."