चुलीमागे एक हप्ता

"शेगडी गरम आहे," तपासनीस म्हणाला आणि त्यानं हात झटकला.

खोलीत म्हातारी होती. दारात तिचा मुलगा आणि सून उभी होती. पुढच्या घराच्या पाठीला टेकून बांधलेली विटांची ही एवढीशी खोली. तपासनिसानं एकेक गोष्ट निरखून पाहिली. एक ताट. एक पेला. मूठभर तांदूळ शिजेल एवढं पातेलं. अर्धा कांदा चिरलेला, उरलेला अर्धा संध्याकाळसाठी वाटीखाली झाकलेला. अशी खोली नुसती दाखवायला उभी करायची, तर फार डोकं लागेल. मुलगा साधा वायरमन होता.

तक्रार मात्र तशीच आली होती. नदी आता दरवर्षी गल्लीत शिरायला लागली होती, म्हणून पूर येण्याआधीच सरकार लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकत होतं. जोतं उंच करा, माळा घाला, नाहीतर दुसरीकडे राहायला जा. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. दर घराला वर्षाला एक हप्ता, आणि घर म्हणजे एक चूल. एवढं कळल्यावर गल्लीत आठवडाभरात जेवढ्या सासवासुना वेगळ्या झाल्या, तेवढ्या पन्नास वर्षांत झाल्या नसतील.

"आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," मुलगा दोन वर्षांपूर्वी म्हणाला होता. "नोंदणीच्या बाई येतील, शेगडी बघतील आणि जातील."

बाई आल्या आणि गेल्या. शेगडी राहिली. आधी शेजारी चुगली करतील म्हणून आठवडाभर राहिली. मग 'आई, तुम्हाला लवकर जेवायची सवय, आमचं आपलं कधीही' म्हणून राहिली. मग कुणी काही म्हणेनासंच झालं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं म्हातारीला वाटायचं. भांडण निदान मिटवता तरी येतं. भिंतीपलीकडे नात हसली की ती घास हातात धरून थांबायची, कशाला हसली ते कळतंय का बघायची. हसणं तेवढं ऐकू यायचं, बाकी काही नाही. मग ती भात संपवायची, ताट धुवायची आणि उपडं घालायची. या सगळ्याला दहा मिनिटं लागायची. उरलेला दिवस तसाच समोर असायचा.

तिच्या खात्यावर दोन हप्ते आले. दोन्हींत पुढचं घर तीन पायऱ्या वर चढलं. तिसऱ्यात तिची खोली उंच करायची ठरली होती. गेल्या वर्षी पाणी तिच्या उंबऱ्याला टेकून परत गेलं होतं. यंदा ते आत येणार, हे सगळेच धरून चालले होते.

सकाळी मुलानं तिला समजावलं होतं, "घाबरू नकोस, आई. आता खोटं बोलायचंच नाहीये. आहे ते सांग."

तपासनिसानं गुडघ्यावरचा टॅबलेट तिच्यापुढे धरला. "आजी, माझी खात्री पटली. तुमचं खाणंपिणं वेगळं आहे, दिसतंच आहे. इथं बोट ठेवा. सोमवारी पैसे जमा."

म्हातारीनं बोट पुढे केलं. मग मागे घेतलं.

"साहेब, खोटं आहे सगळं," ती म्हणाली. "आम्ही एकत्रच जेवतो."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, अगं काय बोलतेस?"

"दोन्ही वेळा एकत्र जेवतो," ती म्हणाली. "शेगडी तुम्ही येणार म्हणून पेटवली."

तपासनिसानं चष्मा काढला. "स्वतःहून कबूल केलंत, त्यामुळे मागचं माफ होईल. पण पुढचे हप्ते बंद. ही खोली उंच व्हायची नाही. कळतंय ना, आजी?"

"कळतंय."

तिला पाण्याची भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती. पण रोज त्या एका ताटासमोर बसायची भीती आता त्याहून मोठी झाली होती.

दोन चुली एक करायच्या, तर घरातली माणसं एकत्र जेवत असल्याचा फोटो लागतो, असं तपासनीस म्हणाला. दुपारचे साडेबारा झाले होते. सगळे पुढच्या घरात गेले. पायऱ्या चढताना म्हातारीनं मुलाच्या खांद्याचा आधार घेतला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. सुनेनं तीन ताटं मांडली. चौथं माळ्यावरून काढून पुसावं लागलं. नात बाजूला सरकली आणि म्हातारी तिच्याशेजारी बसली. भाताची वाफ तिच्या तोंडावर आली. तपासनिसानं टॅबलेट वर धरला.

सून वाढायला वाकली. सगळ्यांना वाढून झालं आणि म्हातारीच्या ताटाशी तिचा हात थांबला.

"आई," तिनं हळूच विचारलं, "तुम्ही भात किती घेता?"

मुलगा खाली मान घालून बसला. तपासनिसानं टॅबलेट खाली घेतला, सुनेकडे पाहिलं, मग म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं नजर वळवली. चोरी पकडली गेल्यावर माणूस वळवतो तशी. त्यानं टॅबलेट पुन्हा वर धरला आणि फोटो काढला.

दारात चपला घालताना तो मुलाला म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. आता वर्षभर मी जेवायच्या वेळेला कधीही येणार, न कळवता. आजींचं ताट इथं मांडलेलं दिसलं नाही, तर मागचे दोन्ही हप्ते परत भरावे लागतील. नियमच आहे तसा."

असा नियम कुठल्याही परिपत्रकात नव्हता.