अर्धी रांग

प्रदर्शनात ठेवायच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारचं बॉनेट मेस्त्रीनं उघडलं आणि आतल्या बाजूचे खळगे सपाट करायला हातोडी उचलली.

“थांब बाळा,” पेपरात गाडीचा फोटो बघून आलेल्या कौसल्याबाई म्हणाल्या. “ते पोचे नाहीत. आमच्या ह्यांचं मठारकाम आहे, हातोडीनं एकेक ठोका देऊन केलेलं.”

“आजी, गाडी कंपनीनं बनवली.”

“चित्र कंपनीचं. पण ह्या पहिल्या गाडीचा पत्रा आमच्या तांबट आळीत ह्यांनी ठोकला.” त्यांनी पिशवीतून तांब्या काढला. त्यावरही तसेच खळगे होते, तशाच रांगांत. “कंपनीच्या साहेबांना वरून गुळगुळीत हवं होतं. ह्यांनी आपल्या हाताची खूण आतून ठेवली. मी दळताना ओवी म्हणायची, हे त्या तालावर ठोकायचे. एका ओवीला एक रांग.”

मेस्त्रीनं रांगांवरून बोट फिरवलं. शेवटची मध्येच थांबली होती.

“ही अर्धीच का?”

“लेक रडली. ओवी सोडून मी पाळण्याकडे धावले. मग हेही उठून आले.”

मेस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. कौसल्याबाईंनी त्या अर्ध्या रांगेवर तळवा टेकवला आणि राहिलेली ओवी हळू आवाजात पुरी केली.