कर्नल नेजात यांची सभा

हॉलमधली पहिली रांगसुद्धा भरली नव्हती. स्टेजवरून कर्नल नेजात दाराकडे बघत होते. समोर त्यांची मुलगी एमिने होती, जावई होता, आणि उरलेले चार-दोन तुर्की लोक जेवण कधी आहे ते विचारत होते.

कर्नलचं उभं आयुष्य तुर्कस्तानच्या सैन्यात गेलं. निवृत्तीनंतर ते 'अस्सल रक्त, आपला मुलूख' म्हणणाऱ्या एका पक्षात शिरले. परक्यांना देशाबाहेर काढा, या एकाच मुद्द्यावर दोन निवडणुका लढले आणि दोन्ही हरले. बायको गेल्यावर मुलीने त्यांना दुबईला आणलं. आता ते तिथल्या अल बर्शा भागात मुलीच्या व्हिसावर राहत होते आणि तिच्या बाल्कनीतून, मोबाइलवर, परक्यांविरुद्ध भाषणं करत होते.

यंदा पक्षाध्यक्षांनी अंकाराहून कळवलं होतं, "परदेशातले तुर्क तुमच्यामागे आहेत, हे व्हिडिओत दाखवा. मग तिकीट." कर्नलचं वय बघता ही शेवटचीच संधी होती. इथे राजकीय सभा घेता येत नाही. म्हणून दाराशी वाढदिवसाचा बोर्ड होता आणि कोपऱ्यात केक.

कार्यक्रमाचं काम इव्हेंट कंपनीतल्या राजनकडे होतं. म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

"सर, माणसं आणू का? आमच्या कंपनीचा शारजात कामगारांचा कॅम्प आहे. आज रविवार, पोरं मोकळी आहेत. फक्त, तुर्की नाहीत. साताऱ्याकडची आहेत."

कर्नलनी मान फिरवली.

"कॅमेऱ्याला पासपोर्ट दिसत नाही, सर."

अरबी शब्द तोंडात आला तर चूळ भरणारे कर्नल हळूच म्हणाले, "यल्ला. चला, आणा."

ट्रॅफिकमधून बस पोचेपर्यंत केकवरचं क्रीम खाली घसरलं होतं. सगळ्यात आधी केरू उतरला. परांचीवर काम करणारा गडी. रापलेला चेहरा, रुंद कपाळ, झुपकेदार मिशा. एमिनेने लाजत लाजत घोषणा शिकवली, "याबांजलार दिशारी!" गावच्या जत्रेत 'चांगभलं'ची आरोळी केरूच द्यायचा. त्याने दोनदा पुटपुटून पाहिलं आणि तिसऱ्यांदा अशी आरोळी ठोकली की हॉलचा मॅनेजर धावत आला. राजनने त्याच्या हातात केकची प्लेट दिली.

कर्नल बोलायला उभे राहिले. दर वाक्याला केरू हात उंचावायचा आणि मागून सगळा हॉल गर्जायचा. अशी सभा कर्नलना त्यांच्या देशात कधी मिळाली नव्हती. हे आपले नव्हेत, हे ते पाचव्या मिनिटाला विसरले. भाषण संपलं. ते स्टेजवरून उतरले आणि त्यांनी केरूला कडकडून मिठी मारली. कॅमेरा चालूच होता.

केरूने राजनला बाजूला घेतलं. "सायेब, काय वरडत हुतो आपन?"

"परक्यांनी इथून चालतं व्हावं."

केरूने हॉलभर नजर फिरवली. "मंग जेवून जायचं, का तसंच?"

केरू काय म्हणाला, ते कर्नलनी राजनकडून समजून घेतलं. मग त्यांनी केरूला आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंकाराहून फोन आला. राजन हॉलची किल्ली न्यायला घरी आला होता, तो दारातच थांबला. कर्नल उभे राहून फोन घेत होते, सैन्यात घ्यायचे तसा.

"काय सभा झाली, कर्नल!" पक्षाध्यक्ष म्हणाले. "सगळ्या कमिटीने दोनदा पाहिली. तिकिटाचं एकमताने ठरलं."

कर्नलनी डोळे मिटले. "उपकार झाले, साहेब."

"तो पुढचा मिशीवाला कोण? काय कपाळ, काय आवाज! असं शुद्ध रक्त आता आपल्याकडे राहिलंय कुठे? नाव काय त्याचं?"

खरं सांगावं तर सभा खोटी ठरत होती. कर्नल म्हणाले, "केरू."

"वा! नावसुद्धा कसं जुनं, अस्सल." पक्षाध्यक्ष जरा घुटमळले. "तिकीट त्यालाच देतोय आपण. राग मानू नका, कर्नल, पण त्या मिठीत तुम्हीच थोडे परके दिसत होता."