ज्याच्या हातात पुस्तक

"पोरांच्या डोक्यात नको ते भरवू नका," मुख्याध्यापिका दारातच म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बाकात त्यांचे गुडघे मावेनात. "एक तास बघते. नाही पटलं, तर ही कादंबरी बंद."

सरांनी मान हलवली. नववीच्या या वर्गात पुस्तक एकच होतं आणि नियमही एकच. ज्याच्या हातात पुस्तक, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप.

कादंबरीतल्या मुलीला तिचा वर्ग रोज छळायचा. आजच्या पानावर तिच्या मनात जीव द्यायचं येतं, आणि घरी ती सांगते, सगळं ठीक आहे.

पुस्तक हातोहात खिडकीजवळच्या मुलीकडे आलं. ती बोलताना अडखळायची. वर्गाने तिचं नाव 'खटारा' ठेवलं होतं.

"खटारा, धक्का मारू का?" मागचा उंच पोरगा कुजबुजला. दोघं-तिघं खिदळले.

सरांना वाटलं, आजचं पान तिच्या वाट्याला यायला नको होतं. पुस्तक काढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला. तिने ते छातीशी धरलं.

"पु... पुस्तक माझ्याकडे आहे, सर."

सरांचा हात खाली आला.

तिने पान वाचलं. अडखळत, पण एकही शब्द न गाळता. मग पुस्तक मिटलं. पुढे मात्र दिलं नाही.

"ही घरी खोटं सांगते. मी पण सांगते. सहामाहीपासून मला... मला पण वाटतं, नकोच जगायला." तिने श्वास घेतला. "कुणाला बोलले नव्हते. आता बोलले. आईला कसं सांगू, ते कळत नाही."

कुणी खिदळलं नाही. सर तिच्या बाकाशी उकिडवे बसले. त्यांनी पुस्तकाच्या कोपऱ्याला बोट लावलं. तिने लावू दिलं.

"आपण दोघं मिळून सांगू, बाळ. आजच. तोवर तुला एकटं सोडत नाही."

तिने मान डोलावली, पुस्तक पुन्हा जवळ ओढलं आणि मागे वळली.

"आणि तू. ध... धक्का मारू नकोस. माझी मी चालते."

उंच पोरगा नखाने बाक खरवडत राहिला. तेवढ्यात घंटा झाली. त्याने सुटल्यासारखं दप्तर उचललं. त्याचं बघून आणखी चार जण उठले.

"खाली बसा!" शेवटच्या बाकावरून आवाज आला. मुख्याध्यापिका चष्मा पुसत होत्या. "पुस्तक अजून तिच्या हातात आहे."